अस्करला काय ठेवलंय?

इतिहासाची आवड असलेल्या माणसाशी लग्न करू नये, असं माझी बायको नात्यातल्या प्रत्येक उपवर मुलीला बजावून सांगते. तिचंही चुकत नाही. लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरला निघालो आणि मुक्कामातला बराचसा वेळ प्रतापगडाच्या बुरुजांवर गेला. तिरुपतीला म्हणून घर सोडलं, तर वाट वाकडी करून मी तिला जिंजीच्या कड्यावर चढवलं. राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा जिथं वर्षानुवर्षं झुंजवत ठेवला, तो किल्ला न बघताच परतायचं? व्यंकटेशाला मग घाईघाईत हात जोडावे लागले. गोव्यात लोक समुद्रावर जातात. आम्ही भर दुपारी जुन्या गोव्यात, व्हाइसरॉयच्या कमानीखाली उभे.

म्हणूनच तिच्या भावानं बहरीनला बोलावलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. "वाळवंटातलं बेट आहे. तिथं कुठला आलाय किल्ला?" असं ती शेजारणीला सांगत होती. मी पेपर वाचत होतो. तो वाचतच राहिलो.

बृहन्मुंबईहून थोडासाच मोठा देश, पण युनेस्कोच्या यादीत त्याच्या तीन जागा. २००५ साली कलात अल-बहरीन हा किल्ला, २०१२ साली मुहर्रक शहरातली मोत्यांच्या व्यापाराची घरं, २०१९ साली दिल्मुन संस्कृतीची थडगी. विमान आकाशात स्थिरावल्यावर, म्हणजे परतीचा मार्ग बंद झाल्यावर, मी ही यादी तिला वाचून दाखवली. तिनं शाल डोक्यावरून घेतली आणि थेट विमान उतरेपर्यंत ती काढली नाही.

हा रोग मला कोल्हापुरातच लागला. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचं टेकाड आहे. १९४० च्या दशकात तिथं उत्खनन झालं. सांकलिया आणि दीक्षितांसारखी माणसं तिथं खणत होती. त्याच टेकाडातून ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, हातभर उंचीचीही नसलेली काशाची मूर्ती निघाली. ती आमच्या टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या लांब, सह्याद्री ओलांडून, हा देव कोल्हापुरात काय करत होता, या विचारानं मला चौथीतच झोप येईनाशी झाली. मग मीही नदीकाठच्या खापऱ्या चड्डीच्या खिशात भरून घरी आणू लागलो. आई त्या दर रविवारी उकिरड्यावर टाकायची. सोमवारी मी त्या पुन्हा शोधून आणायचो. पुढे कळलं की जगभरचे पुरातत्त्ववाले हेच करतात, फक्त त्यांना त्याचा पगार मिळतो.

मेहुणा बहरीनमध्ये धातूच्या धंद्यातल्या एका कंपनीत आहे. ग्राहकांच्या तक्रारी निस्तरणं हे त्याचं काम. माल काळवंडला, वजन कमी भरलं, कागद चुकीचे आले, जहाज उशिरा लागलं, असलं सगळं दिवसभर ऐकून तो संध्याकाळी घरी येतो आणि मग माझ्या तोंडून इतिहास ऐकतो. स्वभावानं गरीब आहे. पहिल्याच सुट्टीला त्यानं विचारलं, "दाजी, मॉलला जाऊया?" मी म्हटलं, "किल्ला."

कलात अल-बहरीन लांबून पाहिला तर वाटतं, पोर्तुगीजांनी बांधलेला एक भुईकोट. खरी गोष्ट किल्ल्याच्या पायाखाली आहे. ते सगळं टेकाड माणसांनी केलेलं आहे. इसवीसनापूर्वी २३०० च्या सुमारास तिथं वस्ती झाली. घरं पडली, राख साचली, मोडकी मडकी फेकली गेली, त्यावर जमीन सारखी करून पुढच्यांनी घरं घातली. असं करत चार हजार वर्षं. शेवटी पोर्तुगीज वर येऊन बसले. १५२१ साली त्यांनी बहरीन घेतलं, आणि त्याच साली तिकडे आपल्या चौलला कोट बांधायला काढला. इराणच्या शाह अब्बासच्या माणसांनी १६०२ मध्ये त्यांना इथून हाकललं. आपल्याकडे वसईला चिमाजी अप्पांची वाट १७३९ पर्यंत पाहावी लागली. हे मी तटावर उभं राहून जरा मोठ्यानं सांगितलं, कारण वारा होता. बायको म्हणाली, "वसई माझी बघून झाली आहे."

पण तिलाही एक गोष्ट आवडली. १९५३ साली डेन्मार्कहून ग्लोब आणि बिबी असे दोघे इथं खणायला आले. यातला जेफ्री बिबी आधी इथंच तेल कंपनीत नोकरीला होता, आणि त्याची बायको डॅनिश होती. नवऱ्यानं पगाराची नोकरी सोडून वाळूतली थडगी खणायची ठरवली तेव्हा ती काय म्हणाली असेल, याची माझ्या बायकोला फार उत्सुकता. या लोकांना एका वाड्याच्या जमिनीखाली पुरलेली मातीची भांडी सापडली आणि त्यांत सापांचे सांगाडे निघाले. काहींत सापासोबत एकेक मणी. गिल्गमेश राजानं समुद्राच्या तळातून अमरत्वाची वनस्पती आणली आणि सापानं ती पळवली, ही प्राचीन इराकातल्या लोकांची कथा. त्यांचा दिल्मुन नावाचा पुण्यदेश म्हणजे हेच बेट. सापाला तेव्हापासून मरण नाही, तो नुसती कात टाकतो. बायकोचं आजोळ बत्तीस शिराळ्याचं. सापाचं नाव निघाल्यावर ती एकदम घरच्यासारखी बोलू लागली. "भांड्यात घालून पुरायचं काय? आमच्यात मडक्यातनं मिरवणुकीला न्यायचे," असं तिनं काचेच्या पेटीतल्या सांगाड्याला ऐकवलं.

पुढच्या सुट्टीला आली नावाच्या गावातले उंचवटे पाहिले. दिल्मुनच्या राजांची थडगी ती. काही तर चांगली तीन-चार मजली उंच. त्यांच्या मधून गल्ल्या, घरं, वाळत घातलेले कपडे, आणि राजाच्या कुशीतच कुंभाराच्या भट्ट्या. युनेस्कोनं मान्य केलेली थडगी एकूण ११,७७४ आहेत, असं मी सांगितलं.

"मोजली कुणी?" मेहुण्यानं विचारलं. मग बराच वेळ तो गप्प होता. मला वाटलं काळाच्या ओझ्यानं दबला. तो म्हणाला, "दाजी, हितं प्लॉटचा रेट काय आहे माहीत आहे का तुम्हाला?"

आमच्या पन्हाळ्यालाही २०२५ साली युनेस्कोचा मान मिळाला, हे मी त्याला त्या आठवड्यात बऱ्याच वेळा सांगितलं असावं. कारण शेवटच्या शनिवारी त्यानं सकाळीच जाहीर केलं की आज युनेस्को नाही. आज एकतर मॉल, नाहीतर वाळवंटातलं ते एकटं झाड.

"अस्करला जाऊ," मी म्हटलं. "ते युनेस्कोत नाही."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "अस्करला? दाजी, अस्करला काय ठेवलंय ओ?"

बहरीनमध्ये नोकरीला असलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. अस्कर म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचं लहानसं कोळी गाव. एका बाजूला ॲल्युमिनियमचा अवाढव्य कारखाना, आतल्या अंगाला सगळ्या देशाच्या कचऱ्याचा डेपो. पाहुण्यांना तिकडे कुणी नेत नाही. पण मी वाचलं होतं की तिथं सअसअ बिन सुहान यांची मशीद आणि कबर आहे. सातव्या शतकातला हा माणूस. अब्द अल-कैस टोळीतला, हजरत अलींचा जवळचा सहकारी, आणि बोलण्यात असा तिखट की त्याच्या वक्तृत्वाची अरबी ग्रंथांतून तारीफ आहे. अलींच्या पश्चात खलिफा मुआवियाशी त्याचं जमलं नाही, त्याची इकडे हद्दपारी झाली आणि इथंच तो वारला, अशी परंपरा.

"वक्ता होता?" मेहुणा गाडी सुरू करत म्हणाला. "मग हद्दपारी आलीच."

मनामा सोडून दक्षिणेला निघालं की सित्रा लागतं. तिथला तेलशुद्धीकरण कारखाना १९३६ चा. आखाताच्या अरबी बाजूचं पहिलं तेल याच देशात १९३२ साली लागलं. मोत्यांचा धंदा जपानी संवर्धित मोत्यांनी बुडवला आणि त्याच सुमारास जमिनीतून हे वर आलं. नशीब लागतं. बायको म्हणाली, "इथं आपले रुपये चालायचे ना पूर्वी?" हे तिला तिच्या वडिलांनी सांगितलेलं. चालायचे. खास आखातासाठी रिझर्व्ह बँकेनं १९५९ मध्ये वेगळ्या नोटा काढल्या होत्या. इथं दिनार आला तो १९६५ मध्ये. त्याआधी तर आखातातला इंग्रजांचा रेसिडेंट बराच काळ मुंबई सरकारच्या हाताखाली होता. म्हणजे एका अर्थी आपण आपल्याच जुन्या तालुक्यात फिरतोय, असं मी म्हणालो. मेहुण्यानं आरशातून मागे पाहिलं. "दाजी, हे हितं मोठ्यानं बोलू नका."

मग कारखाना सुरू झाला आणि संपेचना. एकामागे एक लांबच लांब शेड. १९७१ साली पहिलं ॲल्युमिनियम ओतलं गेलं, आणि २०१९ मधल्या वाढीनंतर, चीन सोडला तर, एकाच जागी एवढं ॲल्युमिनियम गाळणारा दुसरा कारखाना जगात नव्हता. हे मला मेहुण्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज बदलला होता, आणि चार हजार वर्षांच्या टेकाडापुढे गप्प राहिलेला हा माणूस धातूच्या चिपेबद्दल, तिच्या शुद्धतेबद्दल, नमुना कुठून कापायचा याबद्दल अस्कर येईपर्यंत थांबला नाही. माझी बायको म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच माळेचे आहात." आम्ही दोघंही दुखावलो.

अस्करमध्ये शिरताच गाडी हळू करावी लागली, कारण गाव तेवढंच आहे. कोपऱ्यावरचं कोल्ड स्टोअर एका मल्याळी माणसाचं. बहरीनमध्ये किराणा दुकानाला कोल्ड स्टोअरच म्हणतात. मी पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि हिंदीत विचारलं, "भाईसाब, यहाँ पुराना क्या है?" त्याचा चेहरा पडला. त्यानं माझ्या पुढ्यातला बिस्किटाचा पुडा उचलला, उलटा केला आणि तारखेवर बोट ठेवून मला दाखवला. "सब नया है, सर." सरकारी तपासणीचा माणूस समजला बिचारा. मेहुणा मध्ये पडला. "मस्जिद, मस्जिद." मग त्यानं रस्ता सांगितला आणि करक चहाही दिला. साखर घालताना त्याचा हात अगदी सैल होता.

मशीद साधी आहे. भव्य बिव्य काही नाही, आणि मला तेच आवडलं. मोठ्या इमारतीपुढे माणूस आधी फोटो काढतो. इथं फोटो काढण्यासारखं काही नसल्यामुळे आम्ही निमूट उभे राहिलो. बायकोनं पदर डोक्यावर घेतला. रायगडावरच्या राज्याभिषेकाआधी हजारभर वर्षं, कुणीतरी एका बडबड्या, निष्ठावंत माणसाला घरापासून लांब आणून सोडलं आणि त्याच्या नावाला अजून या गावात हात जोडले जातात. मेहुण्यानं बूट काढता काढता मला हळूच विचारलं, "भाषणं नेमकी काय करायचा?" मी म्हटलं, "अन्यायाबद्दल बोलायचा." तो म्हणाला, "मग कंपनीत टिकला नसता."

तिथून किनाऱ्यावर गेलो. समुद्र उथळ, फिकट हिरवा, आणि काठावर गरगूर रचून ठेवलेले. गरगूर म्हणजे मासे धरायचा तारेचा पिंजरा, घुमटासारखा गोल. एक म्हातारा कोळी तुटलेली तार पकडीनं पिळत बसला होता. मी जवळ बसून पाहिलं. पिंजऱ्याला एका बाजूनं नरसाळ्यासारखं तोंड असतं. बाहेरून रुंद, आत जाताना निमुळतं. मासा आमिषाच्या वासानं आत शिरतो, आणि आत गेल्यावर त्याला ते बारीक तोंड पुन्हा सापडत नाही. आत-बाहेर सगळीकडे सारखीच जाळी दिसते. पूर्वी हे खजुराच्या झावळ्यांच्या शिरांचे विणत. आता तार आली, आकार तोच. म्हाताऱ्यानं गाठ मारताना तार दातात धरली, माझ्याकडे बघून हसला आणि पकड माझ्या हातात दिली. मी एक गाठ मारली. त्यानं ती शांतपणे सोडवली आणि पुन्हा मारली.

परत निघताना मी म्हटलं, "आता तो कचरा डेपो लांबून बघू."

गाडीत शांतता पसरली. बायको म्हणाली, "अहो, आपण कोल्हापूरहून विमानाचं तिकीट काढून कचरा बघायला आलोय का?"

मी तिला समजावलं. कलात अल-बहरीनचं टेकाड तरी काय आहे? चार हजार वर्षांचा कचराच. ब्रह्मपुरी काय आहे? तिथं काचेच्या पेटीत ठेवलेली खापरी कुणाच्या तरी सुनेनं फोडली, सासूच्या नजरेआड टाकली, म्हणून आपल्याला मिळाली. राजांचं सोनं चोर नेतात. इतिहासाला उरतो तो उकिरडा. अस्करला तर साऱ्या देशाचं जेवण, फर्निचर, खेळणी, मोबाइलचे खोके एकाच जागी एकावर एक रचले जाताहेत. आणखी चार हजार वर्षांनी इथं कुणी डॅनिश येईल, दोरी लावून चौकोन आखेल आणि ब्रशनं शॅम्पूची बाटली साफ करेल. विद्वानांत भांडणं होतील, की ही पूजेची होती का घरगुती वापराची.

लांबवर कचऱ्याचे ट्रक ओळीनं चालले होते. मेहुणा बघत होता. मग जरा चिंतेनं म्हणाला, "दाजी, आमच्या ऑफिसच्या जुन्या फायली हितंच येत असणार की."

"तक्रारींच्या?"

"व्हय."

"मग तुझं नाव अमर झालं."

त्याचा रंग उडाला. "कागद टिकत नाही ओ एवढा," तो म्हणाला, आणि स्वतःच जरा सावरला.

"कागद टिकत नाही," मी म्हटलं. "म्हणून तर नन्नीनं मातीच्या पाटीवर लिहिलं."

आणि मग मी त्याला एआ-नासिरची गोष्ट सांगितली. इतके दिवस का नाही सांगितली कोण जाणे. इसवीसनापूर्वी १७५० च्या सुमाराला इराकातल्या उर शहरात एआ-नासिर नावाचा व्यापारी होता. दिल्मुनला, म्हणजे इथं, या बेटावर जहाजानं यायचं, ओमानच्या खाणींतून आलेलं तांबं घ्यायचं आणि उरला नेऊन विकायचं, हा त्याचा धंदा. दिल्मुन ही त्या काळची मोठी पेठ. आपल्या सिंधू खोऱ्यातला मालही इथं यायचा. सिंधूची आणि इथली वजनं एकाच मापाची सापडली आहेत. तर या एआ-नासिरला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकानं पत्र लिहिलं. मातीच्या पाटीवर, दोन्ही बाजू भरून. चांगल्या चिपा देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढे खराब चिपा टाकल्यास. घ्यायच्या तर घ्या, नाहीतर जा, असं सांगितलंस. माझी माणसं शत्रूच्या मुलखातून पैसे आणायला पाठवली, ती तू रिकाम्या हातानं परत लावलीस. यापुढे माझ्या वाड्यात मी स्वतः एकेक चीप निवडून घेईन. जगातली सगळ्यात जुनी ग्राहक-तक्रार म्हणून ती पाटी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

मेहुण्यानं गाडी कडेला घेतली.

"मालाचा नमुना ठेवला होता का?"

"ते पाटीत नाही."

"मग खराब म्हणजे काय खराब? नुसतं खराब म्हणून कसं चालेल? मिश्रण होतं का, वजन कमी होतं, का वरचा थर काळा पडला होता? आमच्याकडे असली तक्रार आली तर मी पहिल्यांदा फोटो मागवतो."

"इसवीसनापूर्वी १७५०," मी आठवण करून दिली.

"ते असू दे. एकाच गिऱ्हाइकाची तक्रार का आणखी होत्या?"

"एआ-नासिरचं म्हणतात त्या घरात दुसऱ्यांच्याही तक्रारी सापडल्या आहेत."

"फायलिंग चांगलं होतं म्हणायचं." त्याच्या आवाजात आदर होता. "फेकून दिल्या नाहीत."

मग मला पाटीतली आणखी एक ओळ आठवली. नन्नी मध्येच म्हणतो की मी तुला देणं लागतो त्या क्षुल्लक एका मीना चांदीवरून तू माझ्याशी असा वागतोस.

"म्हणजे किती चांदी?"

"अर्धा किलोच्या आसपास."

मेहुण्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. हॉर्न वाजला. मागून येणाऱ्या कचऱ्याच्या ट्रकवाल्यानं दचकून आमच्याकडे पाहिलं. "अर्धा किलो चांदी क्षुल्लक? दाजी, आधीचं बिल थकवलंय त्यानं! वर माल खराब म्हणून बोंब! हे अशा पार्ट्या मला रोज भेटतात. पैसे मागितले की माल खराब. चार हजार वर्षं त्या एआ-नासिरला जग शिव्या घालतंय आणि ह्याची उधारी कुणी बघत नाही?"

बायको आणि तिची वहिनी मागे एकमेकींकडे बघत होत्या. मॉल साडेदहापर्यंत उघडा असतो, असं वहिनींनी दोनदा सांगून पाहिलं. मेहुण्याला ऐकू आलं नाही. त्यानं फोनवर त्या पाटीचा फोटो शोधून काढला होता आणि दोन बोटांनी मोठा करून, भुवया जवळ आणून, तो ती बाणाच्या टोकांसारखी अक्षरं बघत होता. रविवारी ऑफिसात कुणाच्या तरी पत्राकडे तो असाच बघणार होता.

"पुढे काय झालं?" त्यानं विचारलं. "एआ-नासिरचं उत्तर?"

"सापडलेलं नाही."

"पैसे दिले का नन्नीनं?"

"माहीत नाही. पाटी तिथंच संपते."

त्यानं फोन खाली ठेवला, गाडी सुरू केली आणि गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे केस अजून ओपन हाय."